क्लचवरचा पाय

४ नोव्हेंबर

ही डायरी टायरवाल्यानं जानेवारीत देली होती. तवापासून कपाटावर धूळ खात पडली होती. आज अंजूनं झटकली अन् माह्या हातात देली. म्हणे, "बा, तुम्ही जसं बोलता तसंच लिहीत जा. त्यातून मले शब्द भेटतीन." म्या म्हणलं, लिहीन, पण दाखवणार नाई. शाळेत मास्तर शुद्ध लिही म्हणून कान पिळे. आता पन्नाशी उलटली, माह्या सोताच्या वहीत मी शुद्ध कायले लिहू?

तर मी भावसिंग राठोड, मुक्काम दिग्रस. जय सेवालाल मोटर ड्रायव्हिंग स्कूल माहं हाय. मालक मीच, मास्तर मीच, सकाळी गाडी धुणाराबी मीच. आर्णीपासून महागावपर्यंत कोणालेबी इचारा, भावसिंगच्या हाताखालचा माणूस परीक्षेत नापास झाला असं कोणी सांगणार नाई. दुसऱ्यायच्या गाड्या गचके खाते, मधातच बंद पडते, मागून ट्रॅक्टरवाले शिव्या देते. माही गाडी लोण्यावानी चालते.

आज घरात आनंद हाय. अंजूले पुण्याच्या एका संस्थेनं निवडलं. गोरबोलीचे, म्हणजे आमच्या बंजाऱ्यायच्या बोलीचे, अन् कोलामीचे जुने शब्द म्हाताऱ्या लोकायच्या तोंडून गोळा कराचे अन् त्याचा कोश कराचा. तांड्यातांड्यानं, कोलामायच्या पोडापोडानं फिराचं. यवतमाळ जिल्हा, नांदेड, पार आदिलाबादपर्यंत. संस्था जीप देणार, पण ड्रायव्हर देणार नाई. म्हणून अट अशी की डिसेंबर लागायच्या आत तिच्याजवळ पक्कं लायसन पाह्यजे, नाईतर नंबर दुसऱ्याचा. दुसरी अट, इंग्रजीतला कोणताबी एक शब्द घ्याचा, त्याचे सारे अर्थ, तो आला कुठून, अन् आपल्या बोलीत त्याले काय म्हणाचं, हे त्यायच्यापुढं मांडाचं.

एम.ए. इंग्लिश झालेली पोरगी हाय. दुसरी अट तिची, पहिली माही. म्या म्हणलं, लायसनची फिकर करू नको, शिकाऊ लायसन तर कवाचंच काढून देलं हाय, तुहा बाप बसला हाय ना.

तिनं शब्द निवडला क्लच. म्या सांगलं नोतं, तिनं सोताहून निवडला. मी संध्याकाळपर्यंत सहा-सात जणायले सांगून आलो.

६ नोव्हेंबर

सदाशिव सर आलते. हे आमच्या कॉलेजात इंग्रजीचे प्रोफेसर होते, अंजूचे गुरू. रिटायर झाल्यावर मागच्या साली माह्याकडे गाडी शिकले. पहिल्या झटक्यात पास. पण गाडी पोर्चमंधी झाकून ठेवते.

सर म्हणाले, "राठोड, माझी गाडी एकदा बघून घ्या. तुमच्या गाडीत मी अगदी राजासारखा चालवायचो. माझ्या गाडीत पहिला गिअर टाकला की इंजिन बंद. काहीतरी दोष असणार."

म्या जाऊन फिरवून पाह्यली. गाडी टकाटक. सरले म्हणलं, नवीन हाय, हाताले बसली नाई अजून. जिनिंगवाल्या शेठची सूनबी हेच म्हणे, काका, तुमच्याच गाडीत चालते, आमच्या गाडीत गचके. आता याच्यात माहा काय दोष? माही गाडीच तशी हाय. तिले माणसाची कदर हाय.

९ नोव्हेंबर

आज जेवताना पोरीसोबत भांडण झालं. कारण कोंबडी.

अंजू सांगून राह्यली होती की क्लच म्हणजे आधी गाडीतला नोता. लय जुन्या इंग्रजीत बोटं वाकवून मूठ आवळणं असा तो शब्द होता. मंग पंजा, नखं, झडप. आपण म्हणतो ना, सावकाराच्या तावडीत सापडला, तिथी त्या लोकायचा हाच शब्द येते. मंग यंत्रं आली, एका चाकानं दुसरं चाक धराचं काम निघालं, त्यालेबी तेच नाव पडलं. मंग बायायची बिनपट्ट्याची पर्स, जी हातातच धरा लागते, तीबी क्लच. खेळाडू ऐन अडचणीच्या वक्ती सामना काढून देते, त्यालेबी तिकडे क्लच म्हणते.

तिच्या मायनं, रुपीनं, डोक्यावरचं काढून दाखवलं. "अन् हे क्लचर?"

"हे पण त्यातलंच, याडी."

मंग ती म्हणे, कोंबडी जेवढ्या अंड्यायवर बसते तेवढ्या सगळ्यायले मिळून क्लच म्हणते. म्या म्हणलं, बरोबरच हाय, कोंबडी पंजात धरून बसते ना. तर म्हणे, "नाई बा. तो दुसऱ्याच घराचा शब्द हाय. समुद्रापलीकडच्या लोकायचा, पिल्लं काढणं म्हणून. बोलता बोलता दोघायचं तोंड सारखं झालं, पण खानदान एक नाई."

म्या म्हणलं, तू कोंबडी बसवली काय कवा? म्या बसवल्या हायेत.

चहाच्या टपरीवर गेलो, माही गोष्ट सांगली. पाच जण होते, पाचही म्हणाले, भावसिंग बरोबर बोलते. घरी येऊन तिले सांगलं. ती म्हणे, "बा, शब्दाचं मूळ मतदानानं ठरत नाई."

बापाले उत्तर द्याले शिकली. पण उत्तर देलं ते बेस देलं.

१२ नोव्हेंबर

अंजू गाडी अशी चालवते की पोटातलं पाणी हलत नाई. मार्केट यार्डाच्या गर्दीतून काढली, कापसाच्या गाड्यायची लाईन लागली होती, एकदाबी बंद पडली नाई. रक्तच तसं हाय.

रुपी मागं बसली होती. उतरताना म्हणे, "चालवते कोण, तुम्ही का ती?" म्या म्हणलं, स्टेअरिंग कोणाच्या हातात हाय दिसत नाई काय तुले? ती चपला काढून घरात गेली. या बाईले कौतुक कराची सवयच नाई.

१५ नोव्हेंबर

तांड्यावर गेलतो, तिघंबी. अंजूले आपल्या बोलीतला शब्द पाह्यजे होता. माही मावशी हाय तिथी, धनीबाई, ऐंशीच्या वर असन, हातात अजून कोपरापर्यंत चुडे. चारपाच म्हाताऱ्या अजून आल्या.

अंजूनं इचारलं, घट्ट धरणं याले आपल्यात काय म्हणते? एक म्हणे बैलाचा कासरा धराचा का लेकरू? दुसरी म्हणे चोर का? ज्याले धराचं ते आधी सांग, मंग शब्द सांगू. भांडणच सुरू झालं त्यायच्यात. धनीमावशीनं अंजूचं मनगट पकडलं अन् सोडेच ना. म्हणे, हे काय हाय ते मी तुले सांगू कशी, तूच सांग आता.

मंग ढावलोची गोष्ट निघाली. आपल्यात पोरगी सासरी जाते तवा बापाच्या, मायच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्याले मिठी मारून गाणं म्हणत रडते. ते रडणं शिकवा लागते, सूर लागते त्याले, शब्द लागते. एकाले धरलं की दुसऱ्या बाया तिले सोडवते, तवा ती दुसऱ्याले धरते. असं करत करत ती गाडीपर्यंत जाते. मावशीनं दोन ओळी म्हणल्या. आवाज फाटला होता, पण सूर सुटला नाई.

परत येताना अंजू म्हणे, "बा, इंग्रजीत हा शब्द जिथी तिथी चोराचा, गिधाडाचा, बुडणाऱ्या माणसाचा. आपल्यात निघाच्या वक्तीच धरते. धरल्याशिवाय निघता येत नाई."

मी गाडी चालवून राह्यलो होतो. म्हणलं, हे लिही. हे पुण्याच्या लोकायले माहीत नसन.

१९ नोव्हेंबर

नापास.

२० नोव्हेंबर

काल लिहू शकलो नाई. आज लिहितो.

आरटीओचा कॅम्प दिग्रसमंधीच होता. दरवेळी साहेब बाहेर उभे राह्यते, मी पोरायच्या बाजूले बसतो, चक्कर मारतो, सही होते. या खेपेले नवीन साहेब. म्हणे, मास्तर तुम्ही उतरा, मी बसतो. उतरलो. माह्या सीटवर तो बसला, पाय आखडून, फाईल मांडीवर. अंजूनं गाडी सुरू केली, अन् दहा फुटावर बंद. पुन्हा सुरू, गचका, बंद. तिसऱ्यांदा चढावर उभी केली तर मागं सरकाय लागली, साहेबानं ब्रेक मारला. कॅम्पमधले सारे पाहून राह्यले होते. भावसिंगची गाडी, भावसिंगची पोरगी.

म्या साहेबाले म्हणलं, साहेब, पोरगी घाबरली. तो म्हणे, घाबरली नाई, तिले क्लच सोडता येत नाई. सात दिवसानंतर यवतमाळले आणा.

मले क्लच येत नाई असं सांगून राह्यला तो. तीस वर्षं झाले मले शिकवता शिकवता. रागानं माहं डोकं भणभणून गेलं. म्या साहेबाले शिव्या घातल्या, मनात. गाडीले घातल्या, रुपीले घातल्या, तिचा त्यात काही हात नोता.

अन् एक गोष्ट हाय ते लिहाची नोती. पण वही माही हाय. ती गाडीतून उतरली, तोंड पडलेलं, अन् एक घटकाभर मले बरं वाटलं. म्हणलं, आता राह्यते घरी. दिग्रसच्या कॉलेजात मास्तरीण होईन, संध्याकाळी घरी येईन. आदिलाबादच्या जंगलातून एकटी जीप चालवत जाणारी पोरगी मले डोयापुढं आणाचीच नोती. साऱ्या गावाले सांगत फिरलो, पोरगी कोश करते, अन् पोटात हे. असा बाप हाय मी.

२१ नोव्हेंबर

सकाळी अंजूनं पोहे पुढं ठेवले अन् म्हणे, "बा, रागावू नका. तुमचा पाय."

"कोणता पाय?"

"डावा. आपल्या गाडीत तुमच्याकडेबी क्लच हाय ना. मी सोडून राह्यली की तुम्ही खाली धरून ठेवता. हळूहळू तुम्हीच सोडता. म्हणून ती बंद पडत नाई."

म्या म्हणलं, काहीही बोलते. मी पाय ठेवतो फक्त ब्रेकवर, अन् तोबी खतऱ्याच्या वक्ती. तर रुपी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणे, "अंजूचे बा, तुमचा डावा पाय झोपेतबी हलते. लग्न झालं तवापासून पाहून राह्यली मी. माहं पांघरूण दर राती तुम्ही क्लच मारून खाली सारता."

दोघी हासल्या. मले हासू आलं नाई. म्या म्हणलं, चला, आत्ता पाहू.

सदाशिव सरले फोन केला. सर आले, त्यायच्या घरच्या शुभदाबाईबी आल्या तमाशा पाहाले. सर माह्या गाडीत बसले, मी बाजूले, ग्राउंडवर एक चक्कर. एकदम राजासारखी. मंग मी उतरलो, सरले म्हणलं, आता एकटे जा. बंद. पुन्हा बंद. सहा खेपा बंद. सर खाली उतरले अन् टाळ्या वाजवाय लागले.

"म्हणजे माझ्या गाडीत दोष नव्हता! शुभदा, ऐकलंस? दोष नव्हता!"

शुभदाबाई म्हणाल्या, "गाडीत नव्हता. वर्षभर पोर्चमध्ये ठेवून तिला मात्र बोल लावलेत."

सर माहा हात हातात घेऊन म्हणाले, "राठोड, मी पास झालोच नाही कधी. तुमचा पाय पास झाला."

मी किती जणायले लायसन काढून देलं, त्यातले किती जण गाडी पोर्चमंधी झाकून बसले असतीन, ते मोजाचं माह्या अंगावर आलं. पण एक सांगतो. हा पाय काही साधासुधा नाई. मले सोताले पत्ता नाई अन् तो तीस वर्षं साऱ्या तालुक्याची गाडी चालवून राह्यला. असा पाय दुसऱ्या कोणत्या मास्तरचा असन तर दाखवा.

२३ नोव्हेंबर

आता मी मागच्या सीटवर बसतो. तिथी पॅडल नाई. पुढच्या सीटचा डोकं टेकवाचा दांडा पकडून बसतो, रुपी पुढं बसते.

काल गाडी पंधराएक खेपा बंद पडली असन. बस स्टँडसमोर पडली, यवतमाळची एसटी मागं अडकली, ड्रायव्हर ओळखीचा, मुंडकं बाहेर काढून म्हणे, "भावसिंग, मागं काहून बसला बे, शिकवणं सोडलं का?" लाजेनं मान वर करवेना. अंजू शांत होती. किल्ली फिरवली, सुरू केली, बंद पडली, पुन्हा फिरवली. मले वाटे, आता रडते. रडली नाई.

म्या मागून वरडत होतो, सोड, हळू सोड, आता धर, अरे सोड. ती आरशात पाहून म्हणे, "बा, मले ऐकू येते. इंजिनचा आवाज पण ऐकाचा हाय मले."

गप बसलो. माह्या आयुष्यात गाडीत गप बसाची पहिलीच वेळ.

२४ नोव्हेंबर

पुण्याच्या लोकायसमोर अंजूचं बोलणं झालं, कॉम्प्युटरवर. दार बंद होतं. मी बाहेर स्टुलावर बसलो. सारं इंग्रजीत, मले समजलं थोडंच. क्लच समजे, बाकी वारं. मंग एकदम गोरबोली आली, अन् धनीमावशीच्या त्या दोन ओळी. अंजूनं म्हणल्या. सूर कच्चा होता पण बरोबर लागला. मी स्टुलावरून उठून दाराले कान लावला.

बाहेर आली अन् म्हणे, "झालं. त्यायले पटलं. आता लायसन तेवढं."

मी तिले म्हणलं, कोंबडीचं सांगलं काय? म्हणे, सांगलं, अन् माह्या बापाचं मत वेगळं हाय हेबी सांगलं. पुण्याच्या संस्थेत माह्या मताची नोंद झाली. सदाशिव सरची झाली काय कवा?

२६ नोव्हेंबर

अरुणावतीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर चढ हाय. तिथी गेलो. तिनं मधोमध गाडी उभी केली मुद्दाम. मागून कापसाचा ट्रॅक्टर आला, ट्रॉली भरून, लगेच हॉर्न. माहा डावा पाय खाली क्लच शोधाय लागला. मी त्याच्यावर उजवा पाय दाबून धरला, दोन्ही हातानं दांडा.

गाडी मागं सरकली जराशी. मंग थांबली. म्या पाह्यलं, ती पुढं पाहूनबी नोती राह्यली, कान देऊन होती. इंजिनचा आवाज जाड झाला, गाडीचं नाक उचललं, हँडब्रेक सुटला, अन् गाडी निघाली. गचका नाई, काही नाई. ट्रॅक्टरवाला मागंच राह्यला.

वर गेल्यावर रुपी म्हणे, "हां. आता तू चालवली."

मी गाडीतून उतरून धरणाचं पाणी पाहत उभा राह्यलो. डोयात कचरा गेलता म्हणून सांगलं दोघीले. कचरा नोता. मले इतका अभिमान वाटला की कुठी ठेवू कळेना.

२८ नोव्हेंबर

यवतमाळ. तोच साहेब. मले गेटच्याबी बाहेर उभं केलं, तिथून ट्रॅक दिसत नाई. चहा घेतला तो तसाच थंड झाला. मंग माही पांढरी गाडी कोपऱ्यावरून येताना दिसली, साहेब फाईलीत लिहून राह्यला होता, मान खाली घालून. जो साहेब गाडीत बसून मान खाली घालून लिहिते त्याचा चालवणाऱ्यावर भरोसा बसला म्हणाचं. मी तिथूनच समजलो.

पास.

साहेबानं मले इचारलं, "मास्तर, काय केलं आठ दिवसात?" म्या म्हणलं, मागं बसलो.

३० नोव्हेंबर

स्कूलच्या बोर्डावर खाली नवीन ओळ लिहून घेतली, "येथे गाडी बंद पडू दिली जाते." पेंटर म्हणे, काका, तुम्ही बह्याड झाले काय, गिऱ्हाइक पळन. म्या म्हणलं, तू लिही. सदाशिव सरनं फी भरली, पुन्हा पहिल्यापासून. जिनिंगवाल्या शेठच्या सुनेलेबी मी सोताहून बोलावलं, फुकट शिकवतो म्हणलं. टपरीवर थट्टा झाली. होऊ द्या.

२ डिसेंबर

जीप काल आली. आज सकाळी अंजू निघाली, पहिला मुक्काम महागावकडचा तांडा. मी म्हणलं, आर्णीपर्यंत येतो, मले तिथी टायरवाल्याकडे काम हाय. काम नोतं, तिलेबी माहीत होतं, अन् आर्णी तिच्या वाटेवरबी नोतं. तरी ती हो म्हणाली.

रुपीनं दारात तिले गळ्याशी धरलं. ढावलो लग्नाचा असते, नोकरीवर जाणाऱ्या पोरीसाठी म्हणत नाई. रुपीनं म्हणला. शेजारच्या बाया खिडकीतून पाहत होत्या, ती थांबली नाई. मंग अंजूनं माह्या गळ्याले मिठी घातली. मले सोडवाले कोणी आलंच नाई, बाया तर तांड्यावर होत्या. शेवटी मीच सोडलं.

आर्णीपर्यंत मी तिच्या बाजूले बसलो. जीपमंधी माह्याकडे पॅडल नाई, नुसती चटई. दोन ठिकाणी माहा पाय चटईवर दाबल्या गेला. तिनं पाह्यलं अन् गिअर बदलला. आर्णीच्या स्टँडपाशी जीप थांबवली अन् म्हणे, "बा, आता तुम्ही उतरा. इथून मी जातो." पोरावानी म्हणली, जातो.

उतरलो. दार लावलं. तिनं आरसा पाह्यला, हात दाखवला, अन् गर्दीतून जीप काढली. मी कान देऊन होतो. एकबी गचका नाई.

दिग्रसची गाडी लागलीच होती. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणे, "काका, ती जीपवाली बाई कोण होती? सोताच चालवत गेली?"

म्या म्हणलं, "माही पोरगी हाय. शब्द गोळा कराले चालली. आमच्या आजा-पणज्यायनं बैलायवर मीठ वाहिलं, धान्य वाहिलं, ती शब्द वाहणार हाय."

तो म्हणे, "शब्दाचे पैसे भेटते काय?"

"भेटते," म्या म्हणलं. "अन् ड्रायव्हर नाई ठेवला तिनं."